मागे कोण उभं आहे

मागच्या जुलैतली गोष्ट. म्हणजे गोष्ट म्हणावं असं काही घडलंच नाही, दीड मिनिटाचा मामला, पण अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. संध्याकाळचे साडेसात, ठाण्यात पडतो तसा आडवातिडवा पाऊस, छत्री असून नसल्यासारखी, आणि मी बीपीच्या गोळ्या आणायला नौपाड्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलमध्ये शिरले. जुनं दुकान आहे, दोन गिऱ्हाईकं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबून पागोळ्या मानेवर घ्यायच्या. डेटॉल, ओले पुठ्ठे आणि देवाला लावलेली उदबत्ती असा मिश्र वास, त्यात इन्सुलिनच्या फ्रीजची घरघर. माझ्या पुढे आमच्याच बिल्डिंगमधला दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा उभा होता. नाव नको, त्याची आई त्याला सोन्या म्हणते तर आपणही सोन्याच म्हणू. वीस वर्षांचा, ऐरोलीला इंजिनिअरिंग करतो, लहान असताना आमच्याकडे येऊन वरणभात खायचा. तो काउंटरवर कोपरं टेकवून, मान खाली घालून काहीतरी पुटपुटला. दुकानदाराने अक्षरही न बोलता एका हाताने काचेखालचा खण उघडला आणि दुसऱ्या हाताने काळी पिशवी फट्कन झटकली. तेवढ्यात सोन्याने मान वर केली आणि समोरच्या फ्रीजच्या काचेत त्याला मी दिसले.

‘नको, ते राहू द्या,’ तो म्हणाला. ‘विक्सच्या गोळ्या द्या. पाच.’

दुकानदाराचा हात खणातच. मग त्याने बरणीतून पाच गोळ्या मोजून दिल्या, सोन्याने मोबाइलवरून पैसे दिले, डब्यातली बाई खणखणीत आवाजात पाच रुपये आल्याचं सगळ्या गल्लीला सांगून मोकळी झाली. तो वळला, ‘काय काकू, पाऊस काय लागलाय,’ असं काहीतरी म्हणाला, आणि मी म्हणाले, ‘हो ना रे. घसा सांभाळ.’

घसा सांभाळ!

तो भिजत गेला. दुकानदाराने ती काळी पिशवी नीट घडी करून परत गल्ल्याखाली ठेवली. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी २०१८ पासून आहे, भाजीवाला मला पिशवी द्यायला खळखळ करतो, कोथिंबीर पर्समध्ये कोंबून आणावी लागते, पण कंडोमच्या ह्या एका पाकिटासाठी काळी पिशवी कुठून ना कुठून निघतेच. सॅनिटरी पॅडलाही तेच. खरं म्हणजे काळी पिशवी दिसली की आत काय असेल ते अख्ख्या रस्त्याला कळतं, पारदर्शक पिशवीतून नेलं तर कुणाचं लक्षही जाणार नाही. पण ते असो.

मला जे टोचलं ते वेगळं आहे. मी गेली अठरा वर्षं सर्व्हेची कामं करते. फील्ड इन्व्हेस्टिगेटर म्हणून सुरुवात केली, आता नव्या पोरींना ट्रेनिंग देते, त्यांचे भरलेले फॉर्म तपासते. लसीकरण, ॲनिमिया, बाळंतपणं, आणि त्यातल्या त्यात माझ्या वाट्याला आलेला विषय म्हणजे तरुण मुलामुलींमधला गर्भनिरोधकांचा वापर. ह्या सगळ्या फॉर्ममध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या भाषेत येतोच की तुम्ही साधन का वापरत नाही, किंवा मिळवताना काय अडचण येते, आणि खाली पर्याय असतात: माहिती नाही, दुकान लांब आहे, परवडत नाही, लाज वाटते, जोडीदाराचा विरोध, दुष्परिणामांची भीती. आणि शेवटी इतर, नेमके लिहा. हा प्रश्न मी किती जणांना विचारला असेल देवाला ठाऊक. सोन्याला कुणी विचारला असता तर त्याने ‘इतर’मध्ये काय सांगितलं असतं? दुकान लांब नाही, आमच्या गेटपासून चाळीस पावलं. पैसे आहेत. माहिती तर मोबाइलमध्ये माझ्यापेक्षा जास्त असेल. त्याला एकच शब्द सांगावा लागला असता.

काकू.

फील्डचं सांगते थोडं, कारण आकडे कसे जन्माला येतात ते बाहेर कुणाला फारसं माहीत नसतं. सकाळी ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्सहार्बर पकडायची, खाडी ओलांडली की ऐरोली, रबाळे, घणसोली, मग कोपरखैरणेला नाहीतर तुर्भ्याला उतरायचं. कोपरखैरणेतली माथाडींची बैठी घरं, आता त्यांचे तीन-तीन मजले झालेत, जिना बाहेरून, प्रत्येक मजल्यावर वेगळं कुटुंब किंवा एमआयडीसीत कामाला असलेली चार-पाच पोरं. खोली दहा बाय बारा. त्यात टीव्ही चालू, कुकर चालू, पलंगावर आजोबा. आणि आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असतं की मुलाखत एकांतात घ्या! कुठे घेऊ? मी जिन्यावर घेतल्यात, गच्चीत पाण्याच्या टाकीच्या सावलीत घेतल्यात, एकदा तर बंद रिक्षात बसून, रिक्षावाला त्या मुलीचा भाऊच होता, तो बिचारा टपरीवर चहा पीत लांब थांबला. नाजूक प्रश्न सुरू व्हायच्या आधी फॉर्ममध्ये इन्व्हेस्टिगेटरसाठी एक सूचना असते, आत्ता आजूबाजूला कोण हजर आहे त्याची नोंद करा. दहा वर्षांखालची मुलं, पुरुष, बायका. मला हा रकाना फॉर्ममधला सगळ्यात प्रामाणिक रकाना वाटतो. बाकी उत्तरं समोरचा माणूस देतो, हे एक आपण आपल्या डोळ्यांनी बघून लिहितो. पण ती नोंद मुलाखतीपुरतीच. दुकानात साधन घेताना मागे कोण उभं होतं त्याला रकाना नाही.

आणि एक गोष्ट, आमच्या आमच्यात बोलायची. टॅबवर फॉर्म भरताना पहिल्या नाजूक प्रश्नाला ‘नाही’ म्हटलं की टॅब आपोआप पुढचे पंधरा-वीस प्रश्न ओलांडून जातो. त्याला आम्ही स्किप म्हणतो. ‘हो’ म्हटलं तर मात्र मग कधीपासून, काय वापरलं, शेवटच्या वेळी वापरलं का, कुठून आणलं, कोणी आणलं, सगळं साग्रसंगीत. म्हणजे ‘नाही’ म्हणण्यात सगळ्यांचंच भलं असतं. त्या मुलीची सुटका होते, तिच्या आईचा जीव भांड्यात पडतो, दुपारी दोन वाजता उन्हात उपाशी फिरणाऱ्या इन्व्हेस्टिगेटरचाही अर्धा तास वाचतो. एखाद्या नव्या पोरीच्या टॅबमध्ये ओळीने दहा ‘नाही’ दिसले की मी तिला बाजूला घेऊन विचारते, चहा प्यायलीस का सकाळपासून?

ह्या विषयाचे शब्दही मजेशीर आहेत. सरकारी कागदावर कुटुंब नियोजन. आता कोपरखैरणेत तीन मित्रांबरोबर भाड्याने राहणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाला मी विचारते कुटुंब नियोजनाचं काही साधन वापरतोस का, तर तो म्हणतो मॅडम माझं लग्नच नाही झालं. बरोबर आहे त्याचं. कुटुंबच नाही तर नियोजन कसलं. आशाताई म्हणतात पाळणा लांबवणं, तोही पाळणा आधी हललेला असला पाहिजे ना! जुन्या बायका तांबी म्हणतात, तो शब्द मला फार आवडतो, कॉपर-टीपेक्षा कितीतरी आपला वाटतो, पण पोरींना तो माहीत नाही, एकीने मला विचारलं तांबी म्हणजे वास्तुशास्त्रातलं काही असतं का. पोरं म्हणतात प्रोटेक्शन. कधी नुसतंच ‘ते’. एक जण मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाला, ‘आम्ही आयपिलच घेतो मॅडम, टेन्शनच नाही.’ आम्ही घेतो! गिळते ती, पाळी पुढेमागे होते तिची, मळमळतं तिला, आणि घेतो आम्ही. ती गोळी संबंधानंतर बहात्तर तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी, अडीअडचणीसाठी आहे, रोजच्या वापराची नाही, हे पाकिटावरही लिहिलेलं असतं. ह्या प्रकारची गोळी २००५ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते. मी त्याला फॉर्म संपल्यावर हे सांगितलं, खरं तर आम्ही सल्ले द्यायचे नसतात, उत्तरं बिघडतात म्हणे. तो ऐकत होता, मग म्हणाला, ‘पण मॅडम, ते दुसरं आणायला गेलो तर दुकानदार बघतो. आयपिलला इतकं नाही बघत, ती औषध वाटते.’ मला हे कुठल्या रकान्यात टाकावं कळेना. ‘लाज वाटते’वर टिक केली. पण लाज त्याला वाटत होती की दुकानदाराच्या नजरेत होती, ते काही त्या टिकेत उतरलं नाही.

आता माझं स्वतःचं सांगते. हे मी आजवर लिहिलेलं नाही.

२००७ असेल. मुलगी दोन वर्षांची, सासूबाई तेव्हा आमच्याकडेच, चरईतल्या जुन्या घरात. त्यांना नातू हवा होता, म्हणजे तोंडाने कधी म्हणाल्या नाहीत पण मुलीच्या बारशाला आणलेली चांदीची वाटी परत कपाटात ठेवताना म्हणाल्या, पुढच्याला होईल. मी आणि नवऱ्याने ठरवून टाकलं होतं आत्ता नको, कदाचित कधीच नको, आणि मी गुपचूप जाऊन तांबी बसवून आले होते. माहेरी जातेय असं सांगून. नवरा बरोबर आला होता, बाहेर बाकावर बसून त्याने सात-आठ कप चहा प्यायला असेल. तर त्याच सुमारास एक दिवस दुपारी एक मुलगी आली, खांद्याला झोळी, हातात पॅड, आरोग्याचा सर्व्हे आहे म्हणाली. सासूबाईंनी तिला पाणी दिलं, आणि माझ्या शेजारी परात घेऊन मेथी निवडायला बसल्या. मुलगी चांगली होती, तिने दोनदा सुचवून बघितलं, ‘आजी, तुम्हाला काम असेल तर…’ आजी म्हणाल्या, ‘छे, मला कसलं काम, विचार तू.’ आणि तिने विचारलं, सध्या मूल होऊ नये म्हणून काही साधन वापरता का? मेथीच्या काड्या मोडण्याचा आवाज थांबला. मला अजून आठवतं ते, टक्-टक् चाललेलं आणि एकदम थांबलं.

‘नाही,’ मी म्हणाले.

आणखी मूल हवंय का? ‘हो. दोनेक वर्षांनी.’ टक्-टक् परत सुरू. पुढे मी स्वतः ह्या कामात आले, शिकले, तेव्हा माझं काय झालं ते कळलं आणि एकटीच हसत बसले. आत्ता मूल नकोय पण साधनही वापरत नाही, अशा बाईला अनमेट नीड म्हणतात, न भागलेली गरज. म्हणजे कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये मी अनमेट नीड होऊन बसले, सरकारच्या पुढ्यात एक गरजू बाई, आणि इथे माझी गरज व्यवस्थित भागलेली होती, तांब्याची तार आत घट्ट बसलेली. जाताना त्या मुलीने चपला घालता घालता माझ्याकडे एकदा बघितलं. मला वाटतं तिला कळलं होतं. पण तिने मी सांगितलं तेच लिहिलं, नियमच आहे तो. सासूबाई २०१६ साली गेल्या. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की माझ्यातच काहीतरी दोष आहे, आणि गंमत म्हणजे त्याबद्दल त्या माझ्याशी फार मायेने वागायच्या, गुरुवारी शेवग्याचं सूप करून द्यायच्या. ते मी प्यायचे.

आई तर त्याच्याही आधीची. मुरबाडकडचं गाव आमचं. आम्ही तिघं भावंडं, धाकटा झाला आणि आईचं ऑपरेशन झालं. आमच्याकडे नुसतं ‘ऑपरेशन’ म्हटलं की तेच, अपेंडिक्सचं असेल तर वेगळं सांगावं लागतं. टाक्याचं की बिनटाक्याचं एवढाच पुढचा प्रश्न. वडिलांनी का नाही करून घेतलं, पुरुषाचं तर सोपं असतं, असं मी मोठी झाल्यावर एकदा आईला विचारलं. ती म्हणाली, ‘अगं आणीबाणीत जीप आली की गडी माणसं नागलीच्या शेतात लपायची, त्यांना काय सांगतेस ऑपरेशन.’ १९७६-७७ च्या त्या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंदीची ऑपरेशनं झाली, त्यातली साठ लाखांहून जास्त पुरुषांची. आणि आजचा आकडा? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लग्न झालेल्या जोडप्यांमध्ये बाईचं ऑपरेशन ३८ टक्के, पुरुषाचं ०.३ टक्के. शून्य दशांश तीन. आपल्या महाराष्ट्रात बायकांचं प्रमाण तर जवळपास निम्म्यावर. गडी माणसं अजून शेतातच आहेत म्हणायची. त्याच सर्वेक्षणात ३५ टक्के पुरुष म्हणाले की गर्भनिरोधन ही बायकांची बाब आहे, पुरुषाने डोकं लावायचं कारण नाही. ह्यातला एक जण मला तुर्भ्याला भेटला होता असं वाटतं, फार सज्जन माणूस, मला उसाचा रस पाजला.

निरोध मात्र मला लहानपणापासून माहीत होता, फुगा म्हणून. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई खोकाच्या खोका ठेवून जायच्या आणि पोरं ते पळवून फुगवायची, गुळगुळीत, तेलकट, तोंडाला रबराची कडवट चव. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण ग्रामपंचायतीच्या भिंतीवर होता, एसटीच्या मागे होता, शाळेच्या रस्त्यावरच्या मोरीवरही होता. १९६८ मध्ये सरकारने निरोध आणला तेव्हा तीनचं पाकीट १५ पैशांना होतं, किराण्याच्या दुकानात, काडेपेटी-बिडीशेजारी मिळावं म्हणून. कल्पना किती साधी होती! माणूस मीठ घ्यायला जातो तसा जाईल, घेऊन येईल. आता पाकिटावर स्ट्रॉबेरीचे फोटो, टीव्हीवर जाहिराती, मेट्रोच्या खांबावर होर्डिंग, आणि गल्लीतल्या दुकानात काळी पिशवी.

आणि हे सगळं सुरू कुठून झालं तर इथून, आपल्या मुंबईतून. रघुनाथराव कर्व्यांनी १९२१ मध्ये गिरगावातल्या घरी संततिनियमनाचं केंद्र काढलं. गणिताचे प्राध्यापक, ह्या प्रचारापायी नोकरी गेली, मग १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक पदरमोड करून चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, त्यातला १९३४ चा बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्या बाजूने लढवला आणि तरी हरले. माझ्या मनात नेहमी येतं की त्यांच्याकडे जिने चढून येणारे लोक कसे येत असतील? खाली चाळीत कुणीतरी ओळखीचं भेटत असेलच ना. ‘काय हो, इकडे कुठे?’ मग काय सांगत असतील? गणिताची शिकवणी?

सोन्यावर येते परत. सोन्या मोजला कुठे जातो, हा माझ्या कामाचा प्रश्न आहे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या दोन फेऱ्यांत लग्न झालेल्या बायकांनाच प्रश्न विचारले गेले होते, बिनलग्नाच्या मुली आल्या २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत. अजूनही पेपरात जो ठळक आकडा येतो, ६७ टक्के जोडपी साधन वापरतात वगैरे, तो लग्न झालेल्यांचाच. त्या ६७ मध्येही नव्याने लग्न झालेल्या पोरी सगळ्यात मागे, आणि ते समजण्यासारखं आहे, वर्षभरात ‘गोड बातमी’ची वाट बघणारं घर आणि हातात काहीच नाही. बिनलग्नाच्यांबद्दल मोठा अभ्यास झाला तो देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने आणि पॉप्युलेशन कौन्सिलने मिळून, २००६-०७ मध्ये, महाराष्ट्र धरून सहा राज्यांत, पन्नास हजारांवर मुलंमुली. त्यात एक युक्ती होती, ती मला अजून भारी वाटते. सगळे प्रश्न तोंडी झाले की शेवटी त्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात एक छोटं कार्ड आणि पाकीट द्यायचं. कार्डावर स्वतःच खूण करायची, संबंध आलेत की नाहीत, आणि पाकीट स्वतःच चिकटवून द्यायचं. इन्व्हेस्टिगेटरने उघडायचं नाही. म्हणजे समोर बसलेली मी पण नको, माझी पण नजर नको. तोंडाने नाही म्हटलेल्या काहींनी पाकिटात हो म्हटलं. सगळं धरून लग्नाआधी संबंध आलेले मुलगे १५ टक्के निघाले आणि मुली ४ टक्के. मुलगे थोडी फुशारकी मारत असतील, मुली पाकिटातसुद्धा गप्प राहिल्या असतील. आपल्याकडे चिकटवलेलं पाकीट वाफेवर धरून उघडणाऱ्या आया पण असतात, मुलींना ते माहीत असतं.

कायद्याने खरं तर पुष्कळ वाट करून दिलीय. गर्भपाताच्या कायद्यात साधन फसलं तर म्हणून जी सवलत होती ती आधी विवाहित बाई आणि तिचा नवरा अशा शब्दांत होती, २०२१ च्या दुरुस्तीने तिथे कोणतीही स्त्री आणि तिचा पार्टनर असं झालं, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने बिनलग्नाच्या बाईला वेगळं काढता येणार नाही हे आणखी स्पष्ट केलं. मी हे ट्रेनिंगमध्ये सांगते तेव्हा नव्या पोरी वहीत लिहून घेतात. पण त्या चाळीस पावलांवर कुठला कायदा उभा नसतो, तिथे मी उभी होते.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो आधी हसला. मग म्हणाला, ‘तू बाहेर थांबायचंस ना दोन मिनिटं.’ मी म्हटलं मला कुठे माहीत होतं तो काय घेतोय. ‘मग कळल्यावर वळायचंस. फोन आल्यासारखं करायचंस.’ हे त्याचं नेहमीचं, फोन आल्यासारखं करणं, पन्नाशीला आला तरी. मुलगी तिथेच बसली होती, लॅपटॉपवर काहीतरी टायपत, तीही आता वीसची. ती मान वर न करता म्हणाली, ‘आई, तू मला विचारणारेस का तुझे ते फॉर्ममधले प्रश्न?’ मी म्हणाले नाही. ‘मग ठीके.’ आणि परत टायपायला लागली. मी चहा टाकला, आलं किसलं, तिने अर्धा कप घेतला. अठरा वर्षं मी लोकांच्या मुलींना जिन्यात बसवून विचारतेय. मला वाटतं मी विचारत नाही हे बरंच आहे, आणि रात्री वाटतं की बरं नाहीये, आणि ती कुठल्या मेडिकलमध्ये जात असेल तर तिच्यामागे कुणाची काकू उभी असू नये एवढंच वाटतं. मग वाटतं, पण तीच तर जाणार नाही, आणायला तोच जाणार, कुणीतरी एक सोन्या, आणि विक्सच्या गोळ्या घेऊन येणार. हा विचार आला आणि मी उठून बसले. हे मला त्या दिवशी रात्रीच कळलं असतं तर बरं झालं असतं, आठवडा गेला.

परत गेल्या महिन्यात तेच. पाऊस नव्हता ह्यावेळी, श्रावणातलं उन्हं-ढग चाललेलं, मी भाजी घेऊन येत होते आणि लांबूनच दिसलं, सोन्या काउंटरशी, कोपरं टेकवून. बीपीच्या गोळ्या संपलेल्या होत्या माझ्या. तरी मी सरळ पलीकडच्या फुटपाथला गेले, नजर रस्त्यावर, नवऱ्याने शिकवलं तसा मोबाइल कानाला. हॅलो हॅलो पण म्हटलं. आणि अर्ध्या वाटेत दुकानदाराने बघितलं, गिऱ्हाईक सांभाळणारा माणूस, तो पायरीवर येऊन ओरडला, ‘ताई! ओ ताई! तुमच्या बीपीच्या गोळ्या आल्यात!’

सोन्या वळला. मी मोबाइल कानाला लावून रस्त्याच्या मधोमध, एक रिक्षा हॉर्न देतेय. काय करणार, गेले. पायरी चढले. त्याच्या हातात काळी पिशवी होती, तोंड गाठ मारून बंद केलेलं, आणि ह्यावेळी ती त्याने लपवली नाही किंवा लपवायला वेळ मिळाला नाही, एक्झॅक्टली काय ते मला सांगता येणार नाही. कान लाल झाले होते. दुकानदार माझ्या गोळ्यांची पट्टी कात्रीने कापत होता. डब्यातल्या बाईने सोन्याचा आकडा जाहीर केला, आम्ही दोघांनी तो ऐकला नाही.

‘काकू,’ तो म्हणाला, ‘आईने इडलीचं भांडं मागितलंय. उद्या पाहुणे आहेत.’

‘हो रे, घासून ठेवलंय,’ मी म्हणाले. ‘येताना घेऊन जा. नाहीतर मी पाठवते.’

‘नको, मीच येतो,’ म्हणाला, आणि पिशवी हलवत गेला, घराकडे नाही, स्टेशनच्या बाजूला.